आज नंबर वहिनीचा

हॅलो? … हॅलो, वहिनी? झालं पण इतक्यात?

… मग? बोलावलंच नाही का अजून?

… म्हणजे आत जाऊन आलीस? आणि मग बाहेर का बसलीयेस? … अगं ऐक ना, जरा श्वास घे आणि सांग. … हो, हो… इकडे सगळं ठीक आहे. तुझा नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसलाय आणि माझ्यावर वैतागलाय. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

… दिली गोळी. … हो गं, खायच्या आधीच दिली. … पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, माहितीये, दुधाबरोबर दिली की ती लागूच पडत नाही. दारातून बाहेर पडताना तू मला हे कितीदा सांगितलंस! वहिनी, मी रोज नवशिक्यांच्या शेजारी बसून भर रस्त्यात गाडी शिकवते. ट्रक अंगावर येत असताना मुलींना म्हणते, घाबरू नकोस, क्लच दाब. मला एक गोळी देता येईल.

… दादाचा हात थरथरतोय, पण नेहमीसारखाच. … बरं, 'नेहमीसारखा' म्हणजे किती ते मला कळणार नाही, कबूल. कपातलं बाहेर येत नाहीये. चालेल?

आता तुझं सांग. डॉक्टरबाईंनी काय केलं?

… हं. … हं. … 'झोप कशी आहे?' बरं. मग तू काय म्हणालीस?

… काय?

… नाही, हसत नाहीये. … बरं, हसले. 'पहाटे पाय आखडतात, कूस बदलून द्यावी लागते' — अगं, ही दादाची झोप झाली! त्यांनी तुझी विचारली होती. … आणि भूक? … 'घट्ट असलं की ठसका लागतो, सूप चालतं.' वहिनी! … आणि पुढे? … नको, पोटाचं नको सांगूस, कळलं मला. तेही दादाचंच सांगितलंस.

… मग त्या काय म्हणाल्या? … 'हे सगळं तुमच्या मिस्टरांचं झालं. आज पेशंट तुम्ही आहात.' … रागावून? … हसून. मग चांगल्या दिसतायत बाई. … बरं, 'बाहेर बसा, पाणी प्या, पुढच्या पेशंटनंतर परत या. येताना फक्त स्वतःचं घेऊन या.' … मग घेऊन जा की. त्यासाठी मला फोन कशाला?

… मोठ्यानं बोल, तिथे कुणीतरी खोकतंय. … काय विचारलंस?

… 'मी झोपते का हो, वन्सं?'

…

अगं, हे तू मला विचारतेस?

… नाही, रागावले नाही. आणि वन्सं म्हणू नकोस, एकदम कवळी बसवल्यासारखं वाटतं. … ऐक. उठायचं नाही. … नाही, बस मिळत असली तरी नाही. बूड टेकून बस. … दादाला काहीही झालेलं नाहीये, त्याला तुझी आत्ता काडीची गरज नाही, तो खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघतोय. … दादा, सांग हिला. … त्यानं मान हलवली. … 'हो'सारखी हलवली. थरथर नाही गं, मला फरक कळतो! … बरं, नाही कळत. पण 'हो'च होतं ते.

थांब, बेल वाजली. … आले, आले! … कोण? … अहो या ना काकू. … वहिनी, खालच्या शिवणकामवाल्या काकू आल्यात. कात्री परत द्यायला आले म्हणतायत. … काकू, ही कात्री तुमचीच आहे की. दांड्याला तुमचंच फडकं गुंडाळलंय. … खरं सांगा, हिनं पाठवलं ना तुम्हाला? … वहिनी, त्यांनी मान खाली घातली. शोभतं का तुला? डॉक्टरांकडे बसून माझ्यावर हेर सोडतेस! … हो काकू, ठीक आहे सगळं. … हो, या.

गेल्या. जाता जाता दादाकडे बघून मला म्हणाल्या, 'मान डावीकडे कलतेय, उशी सरकवा.' आणि खरंच कलली होती गं. मी सकाळपासून समोर बसलेय, मला दिसली नाही. अख्ख्या जिन्यातली माणसं तयार करून ठेवलीयेस तू.

… बरं, विषय बदलू नकोस. तुझी झोप. तुला आठवत नसेल, तर मी घरात बघून सांगते. पोलीस पंचनामा करतात ना, तसं. … हो, आत्ता. फोन धरून ठेव. दादा, मी शेजारच्या खोलीत आहे, खुर्चीतून उठायचं नाही.

हां. तुझा पलंग कुठला गं? … ही घडीची खाट? मला वाटलं, हिच्यावर कपडे वाळत टाकता. … आणि उशी दादाच्या पलंगाच्या पायथ्याकडे का? … अच्छा. पाय हलला की तुला कळावं म्हणून. … आणि ही चादर? हिची घडीसुद्धा मोडलेली नाही. … घेतच नाहीस अंगावर? … का? थंडी नाही वाजत?

… पांघरूण घेतलं की उठायला वेळ लागतो.

वहिनी, आगीचे बंब असतात ना, तिथली माणसंसुद्धा आळीपाळीनं झोपतात गं. … नाही, थट्टा नाही करत. तुझं पहिलं उत्तर मिळालं. डॉक्टरबाईंना सांग, मी झोपत नाही, मी पडून राहते. कानानं जागी असते. म्हण बघू. … अगं हळू म्हण, पण म्हण. … हं. छान.

आता भूक. फ्रीज उघडते. … हे काय गं, सगळे डबे एका रंगाचे! गाजराचं सूप, भोपळ्याचं सूप, केळं कुस्करलेलं, हे काय… उकडलेला बटाटा, तोही कुस्करलेला. आणि तुझं? … 'त्यातलंच.' उरलेलं? … उभ्यानं? … त्याच्याच चमच्यानं?

… असं कसं 'चालतं'? तुला काय आवडतं? … ते त्याला आवडतं. तुला काय आवडतं? … तेही त्याचंच. … अगं आठव ना!

मी सांगू? तुला कुरकुरीत आवडायचं. लग्न होऊन या घरात आलीस ना, तेव्हा सकाळी पाव इतका कडक भाजायचीस की चावताना वरच्या मजल्यावर ऐकू जायचं. सिनेमाला गेलो की तू काहीतरी कडाकडा चावत असायचीस आणि पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. दादा असा दुसरीकडे बघायचा, जणू तुला ओळखतच नाही. … हो की नाही? … हसलीस! … हसलीस तू, मला ऐकू आलं. आणि आता या घरात दातानं चावावं असं काही नाही. मी सगळं बघितलं. साधं बिस्कीट नाही. … त्याच्यासमोर खाववत नाही. … हं. … हे पण सांग त्यांना. अगदी असंच सांग.

… काय रे दादा? आले, आले! … टकटक करतोय खुर्चीच्या हातावर. बाथरूम? … बरं, चल. … वहिनी, फोन ठेवू नकोस. … नाही, ठेवायचा नाही! ठेवलास की तू बसमध्ये चढशील, ओळखते मी तुला. तुला स्पीकरवर टाकते आणि बाथरूमबाहेरच्या फळीवर ठेवते. मला दोन्ही हात लागणारेत.

… हो, कमरेचा पट्टा धरलाय. … बाजूनंच, समोरून नाही. … चल दादा. पहिला गिअर. … छान… छान… बघ वहिनी, कसा चाललाय, अगदी… हं… चल ना. … दादा? चल, दार आलं. उचल पाय.

… काही नाही गं. चाललोय आम्ही. … गप्प कुठे आहोत? … चल रे, घाई आहे ना तुला? … काही नाही म्हटलं ना, वहिनी, तू तिथेच बस!

… तुला कसं कळलं?

… पावलांचा आवाज थांबला. … हो. दारात अडकलाय. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झालेत. वरचं अंग पुढे जातंय आणि पाय नाही. … मी जरासं ओढलं. … नाही ओढत! नाही ओढत. सोडलं. … पण त्याला लागलीये जोरात, वहिनी, आणि तो माझ्यावर भार टाकतोय, काय करू? … नाही, तू येऊ नकोस, तू येईपर्यंत आम्ही दोघं आडवे होऊ!

… हो. बोलत नाही. गप्प उभी राहते. … उभी आहे. … हो, त्याचे खांदे सैल झाले. … नाही, घसरत नाहीये.

… काय बदललं? काहीच नाही बदललं. … बाथरूमच्या दारात तो कधीच अडकत नाही? मग आज का… … मी फक्त जरा आवरलं गं सकाळी. … काही नाही, ओटा पुसला, वर्तमानपत्रं रचली, आणि इथे दारापाशी पायपुसणं टाकलं. येताना आणलं होतं मी तुझ्यासाठी, निळं. जमिनीवर ते काळ्या चिकटपट्टीचे तुकडे किती वाईट दिसत होते. मला वाटलं, फरशी फुटलीये म्हणून…

…

त्या पट्ट्या त्याच्यासाठी आहेत?

… ओलांडायला. … म्हणजे डोळ्यांना रेघ दिसली की पाय उचलला जातो. आणि मी त्याच्यावर पायपुसणं टाकलं. … कपाळ माझं! … हो, एका हातानं पट्टा, आणि पायानं सरकवते. … सरकलं. … सरकवलं. दिसतायत पट्ट्या. … आता? मी बोलू की तू? … बोल. बोल, स्पीकरवरच आहेस, ऐकतोय तो.

… उचलला! … वहिनी, उचलला गं! … दुसरा पण! गेला, आत गेला! … हो, बसवते. … बसवला. … दार लोटलंय, कडी नाही लावली. … हो, दांडा धरलाय त्यानं.

… अगं, मला जरा भिंतीला टेकू दे.

वहिनी, काय केलंस तू आत्ता? … 'काही नाही' काय? तू तिथे कुठल्यातरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीयेस. इथली पावलं थांबली हे तुला समजलं. कुठलं दार ते समजलं. घरात मी काय हलवलं तेही समजलं. आणि मग ज्या आवाजात तू त्याला म्हणालीस ना, 'पहिली रेघ', तो आवाज! ना गोड, ना रागाचा. माझ्या क्लासमध्ये मी किती वर्षं तो आवाज शोधतेय. माझ्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, म्हणून मी शांत राहू शकते गं. तुझ्याकडे कुठला ब्रेक आहे?

या माणसानं अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. पाण्यात माणूस घाबरला की त्याला कसं धरायचं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि तू त्याला आज जमिनीवर धरतेस. मला आजपर्यंत वाटायचं, वहिनी खूप करते, खूप सोसते. लोक म्हणतात ना, 'थोर आहे बाई, केवढा तिचा त्याग.' त्याग काय डोंबल! तू कारागीर आहेस. इंच इंच शिकलीस तू हे काम. कुणी शिकवलेलं नसताना. मी…

… का? का नको म्हणू?

… अगं, कौतुक करतेय मी तुझं. … वहिनी? … रडतेस का?

… बरं. नाही म्हणत. … नाही म्हणत काही, तू बोल. … आहे मी.

… हं. … कुठल्या दिवशी? … हं. मागच्या आठवड्यात. सकाळी. … तो उठला नाही वेळेवर. … आणि तू हाक मारली नाहीस. … मग? … स्वयंपाकघरात नुसती उभी राहिलीस. … हं.

… म्हण ना. मी त्याची बहीण आहे ते विसर घटकाभर. म्हण.

… 'उठलेच नाहीत तर…'

… 'तर आज मला बसता येईल.'

…

आहे. आहे मी फोनवर. ऐकतेय.

… नाही. नाही गं. राक्षसीण-बिक्षसीण काही नाहीस. त्याला जाऊ दे असं तुला वाटलं नाही, तुला बसावंसं वाटलं. … मग? पुढे काय केलंस? … गेलीस, त्याला उठवलंस, चूळ भरायला दिलीस. … आणि दिवसभर त्याच्या डोळ्यांत बघितलं नाहीस. … हं.

म्हणून डॉक्टरांना सगळं त्याचंच सांगत बसलीस होय! स्वतःचं सांगायला गेलं की हे बाहेर येईल म्हणून.

… काय म्हणतेस? … 'सगळे मला थोर म्हणतात, मी कुठल्या तोंडानं सांगू?' वहिनी, लोक 'थोर' म्हणायला लागले की समजायचं, हे मदतीला येणार नाहीत. थोर माणसाला कोण पोळी लाटू लागतंय? ते म्हणणाऱ्यांना म्हणू दे. तुला वाईट वाटतं, राग येतो, कशातच जीव रमत नाही, हे सगळं जर सांगायचं नाही, तर या बाई तिथे खुर्ची टाकून बसल्यात कशाला? कबुतरं बघायला?

एक विचारते. खरं सांग हं. स्वतःला काही करून घ्यावं असं… येतं का मनात? … नाही. … नक्की? … नुसतं 'सकाळ होऊ नये' असं वाटतं. … रोज? … हे त्यांना सांगायचं, वहिनी. अगदी याच शब्दांत. मला सांगितलंस हे बरं केलंस, पण मला यातलं औषधपाणी काही कळत नाही, मला फक्त क्लच कळतो. त्यांना सांग. सांगशील? … नुसतं 'बघते' नको. … हं.

… काय रे दादा? झालं का? … नाही, तुला नाही, हा आतून काहीतरी म्हणतोय. थांब. … काय? … नळ? … नळ सोडू का, दादा? बंद करू? … बंदच आहे की.

…

अगं आई गं. वहिनी. … वहिनी, ऐक. फोन… फोन अजून स्पीकरवरच आहे. बाथरूमच्या दाराबाहेर. मी विसरले गं. तो आतच बसलाय ना… हो. … हो, सगळं ऐकलं असणार त्यानं.

… नको, उठू नकोस! … पळून कुठे जाशील? … अगं थांब, तो बोलतोय. त्याला वेळ लागतो, तुला माहितीये. थांब. दार जरा उघडते. … मी तोंड फिरवून उभी आहे, दादा, लाजू नकोस. बोल.

… नळ. हो, कळलं, नळ. कुठला नळ? … स्वयंपाकघरातला. … बरं. … तू… सोडतेस. … वहिनी, तो म्हणतोय, तू स्वयंपाकघरात नळ सोडतेस. … हं? … भांडं… भांडं नसतं.

… वहिनी, तुला कळतंय का तो काय म्हणतोय ते? मला नाही कळत. … भांडं नसतं, खाली. … नळाखाली भांडं नसतं?

…

तू नळ सोडून रडतेस होय गं?

… तो म्हणतोय, ऐकू येतं. भांडं घासताना पाण्याचा आवाज तुटतो. तू रडतेस तेव्हा पाणी सरळ पडत राहतं. … रोज ऐकतो म्हणे.

… रड. रड, आता काय नळ सोडायची गरज नाही. … नाही, दादा ठीक आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे, पण तो रागावलेला नाहीये. … कशावरून? अगं, लहानपणापासून त्याचा राग खाल्लाय मी. रागावला की कान लाल होतात त्याचे. कान पांढरे आहेत. … काय रे? … अजून काय म्हणतोस? … हं. … ठाऊक… आहे. 'ठाऊक आहे.' ऐकलंस? … मलाही… वाटतं… तू… बसावंस… … वहिनी, तो म्हणतोय, त्यालाही वाटतं, तू बसावंस. तू कधी बसतच नाहीस, म्हणून तोही टकटक करायचं टाळतो. जास्तीत जास्त वेळ दम काढतो. … हो. म्हणूनच मग घाई होते त्याला, वेडा!

धन्य आहात दोघं. ती त्याच्यासमोर कुरकुरीत खात नाही, आणि हा तिच्यासाठी लघवी रोखून धरतो. आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं बोलायला ह्याला जागा सापडली ती कुठली, तर कमोड!

… हसतोय तो. … हो, खरंच हसतोय. चेहऱ्यावर नाही दिसत, पण खांदे हलतायत.

… आणि आता फोडतेच. आजचा नंबर कुणी लावला वाटतं तुला? … मी? मला कुठलं सुचायला. मी दर वेळी येते, चहा पिते, 'वहिनी, तब्येत सांभाळ हं' म्हणते आणि जाते. यानं मला फोन केला होता. … हो, यानंच. तू खाली दूध आणायला गेली होतीस तेव्हा. मला आधी वाटलं, रॉंग नंबर आहे, नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवणार होते. मग म्हणाला, 'तिला.' परत कितीतरी वेळ काही नाही. मग म्हणाला, 'डॉक्टर. तिला.' मी म्हटलं, कसला डॉक्टर, पडली का ती? तर म्हणाला, 'मनाचा.' तेवढ्यात तुझी चप्पल वाजली असणार जिन्यात, त्यानं फोन ठेवून दिला.

… हो. … त्यालाच आधी कळलं. तुझ्याही आधी.

… आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस. काहीतरी बोल. … बरं, नको बोलूस. नाक पूस. पदरानं नको, रुमाल आहे ना पर्समध्ये? … त्याचा आहे? असू दे, त्याच्या रुमालानं पूस.

आणि ऐक, रविवारी माझा क्लास बंद असतो. रविवार माझा. … विचारत नाहीये, सांगतेय. सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. मला पट्ट्या, पट्टा, गोळ्या, उशी, सगळं शिकव. मी नापास झाले तर काकू आहेतच कात्री घेऊन. तू काय करायचंस? मला काय माहीत! झोप. फिर. काहीतरी कडाकडा चावत रस्त्यानं चाल. … हो, माझ्या हातून चुका होतील. आज केलीच की एक. … तुझ्या हातूनही झाल्या असतील पहिल्यांदा. … हो ना? पडला होता तो एकदा? … मग? तरी शिकलीस ना?

… कोण बोलतंय तिकडे? … काउंटरवरची मुलगी? … तुझा नंबर. … जा. … नाही, दादाला मी उठवते, पट्ट्या दिसतायत, बाहेर येताना पण आहेत की. … जा गं! … काय म्हणायचं ते विसरलीस? विसरू दे. पाठ करून जायला काय परीक्षा आहे? जे येईल तोंडाला ते म्हण. फक्त आपलं म्हण.

… हो. … हो, सूप कोमट करूनच देईन. वहिनी! जा!

…

दादा, गेली बरं का. चल, उठू या. पट्टा धरलाय मी. तू दांडा सोड, सावकाश… हं. … आता पहिली रेघ. माझ्या तोंडून नाही जमत ना तसं? पण उचललास तू. बस, इथेच स्टुलावर बस, हात धू.

… हॅलो? … वहिनी? … हॅलो? … अगं, फोन चालूच ठेवलास की काय? … पर्समध्ये टाकला वाटतं तसाच. थांब, स्पीकर बंद करून कानाला लावते. दादा, ऐकू येतंय सगळं. … खुर्ची सरकली. … डॉक्टरबाई बोलतायत. आवाज बारीक आहे. 'हं, आता सांगा.'

…

… हात खाली घे, दादा. … नाही, तुझ्या कानाला नाही लावणार. … हो, ऐकलं मी. एकच शब्द. 'मी' म्हणाली. आणि थांबलीये. … नाही, रडत नाहीये. शोधतेय. तुला शब्द सापडायला वेळ लागतो ना, तसा लागतोय तिला. … आणि बाईसुद्धा घाई करत नाहीयेत. चांगल्या आहेत बाई.

… सापडला बघ. बोलायला लागली.

पुढचं? … नाही रे. पुढचं आपल्याला सांगायचं असतं, तर इतकी वर्षं नळ कशाला सोडला असता तिनं? … असं बघू नकोस माझ्याकडे. तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे. बाकीचं तिचं तिला राहू दे.

ठेवते मी.